तोवर जुनीच

अखेर करारावर सही झाली. नव्या लढाऊ विमानांसाठी संरक्षण खात्यातल्या वैजयंती नाफडेंनी सात वर्षं झगडून पैसे उभे केले होते. त्यांची लेक हवाई दलात जुनी विमानं उडवायची. गेल्याच महिन्यात त्यातलं एक कोसळलं होतं.

"पहिलं विमान कधी येईल?" त्यांनी शेजारच्या एअर मार्शलना विचारलं.

"बांधणी, चाचण्या... पाच वर्षं धरा, मॅडम."

"आणि तोवर?"

"तोवर जुनीच उडवायची."

टाळ्या वाजत होत्या. वैजयंतीबाईंनी हात खाली घेतले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, अभिनंदन! लवकर झोपतेय हं, पहाटे उड्डाण आहे."

'जाऊ नकोस' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण मग त्या विमानात दुसऱ्या कुणाची तरी लेक बसेल.

"सांभाळून ये गं," त्या कशाबशा म्हणाल्या.