आबांची बैठक

घोड्याला पायाच्या इशाऱ्यांवर चालवायच्या ड्रेसाजच्या रिंगणात मृणालने पुन्हा दोन्ही टाचा दाबल्या, तरी रेशमा जागची हलेना. गुडघे गेल्यापासून आबा कुंपणाबाहेर खुर्चीत बसायचे आणि त्यांची लाडकी घोडी लेकीला जुमानायची नाही.

“ऐकत नसेल तर देऊन टाकू तिला,” आबा वैतागले.

मृणालला रडूच आलं. आबांचा उजवा पाय जन्मापासून अधू. त्याच पायानिशी त्यांनी रेशमाला घडवलं होतं. एकदम काहीतरी सुचून तिने उजवा पाय सैल सोडला, अंग डावीकडे कलतं केलं आणि नुसती डावी टाच लावली. रेशमा डौलात निघाली.

“अगं, नीट बस की!” आबा ओरडले आणि तिच्या सैल उजव्या पायाकडे बघू लागले. “मी असा दिसायचो होय?”

“अगदी असेच. आता तिला उजवा पाय शिकवू या.”

खुर्ची तिथेच सोडून, काठी टेकत आबा रिंगणात आले.