अहोवाला साबण

"अहो, गॅस बंद करा," प्रियंका टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी वाकून म्हणाली.

मनोहरजींनी मान हलवली. "नहीं बहूजी. ये तो अर्जी हो गयी."

मनोहरजींचा जयपूरजवळ चाकसूला साबणाचा कारखाना होता आणि त्याची जाहिरात प्रियंकाचा नवरा पवन करायचा. टोंक रोडपासून आत, बाजरीच्या शेताला लागून दोन खोल्या होत्या. बाहेर 'पवन ब्रँडिंग अँड मार्केटिंग' अशी पाटी. पाटीच्या खांबाला घरमालकाची म्हैस बांधलेली असे, त्यामुळे ऑफिसात जाहिरातीपेक्षा दुधाची चौकशी करणारेच जास्त येत. पुढच्या खोलीत धंदा चाले. मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि पवनचे वडील भीमराव.

साबणाची मूळ जाहिरात पवनच्या आईच्या आवाजात होती. याच पुढच्या खोलीत भरलेली. "बहनो, धवलगंगा साबुन लाइए," असं हिंदीत म्हणता म्हणता सुलोचनाबाईंना दूध उतू गेल्याचा वास आला, आणि त्या मागे वळून मराठीत ओरडल्या, "अहो, गॅस बंद करा!"

ते कापायचं पवनच्या हातून राहून गेलं. जीपवरच्या भोंग्यातून ते गावोगाव गेलं. मनोहरजी भांडायला निघाले होते, पण ते पोचायच्या आत दुकानांतून बायका 'अहोवाला साबुन' मागू लागल्या. शीतलामातेच्या जत्रेत तर कमालच झाली. त्या दिवशी मुळात कोणी चूल पेटवत नाही. भोंग्यातून गॅस बंद करायचा हुकूम आला तशा बायकांनी जीपला हात जोडले.

सुलोचनाबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. जीप फिरत राहिली.

पण नकलेची नक्कल काढून काढून कॅसेट झिजली होती. आवाज जड झाला होता, ओढल्यासारखा यायचा. मनोहरजी आज आले ते जुनी कॅसेट जीपमधून काढून, खिशात घालूनच. "बच्चे रोते हैं, पवन. कहते हैं, कुएँ में से कोई औरत बोल रही है. आज नयी आवाज भर दो. नहीं तो मैं जयपुरवालों को काम दे दूँगा."

जयपूरवाल्यांना काम गेलं, तर पवनकडे एक अगरबत्तीवाला आणि म्हैस एवढंच उरत होतं.

"बाबांना सांगितलंस का?" प्रियंकाने हळूच विचारलं.

"काय सांगू? मतलब, आजपासून आई बदलली म्हणून?"

अडचण तीच होती. रोज जीप वळणावर आली, की भीमराव मागच्या खोलीत रिकामी शेगडी पेटवत. भोंगा बोलला, की बंद करत. पेटवल्याशिवाय बंद काय करणार, असं त्यांचं म्हणणं. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेलेली. वरून हुकूम आल्याशिवाय खटका ओढायचा नाही, आणि आल्यावर थांबायचं नाही.

"फिर से," मनोहरजी म्हणाले.

प्रियंकाने आवाज चढवला. "अहो, गॅस बंद करा!"

"ये पड़ोसन हो गयी."

"मग म्हणू तरी कोणाला?" ती वैतागली. "समोर कोणी नको का?"

"मला म्हण ना," पवन म्हणाला.

"तुला मी पवन म्हणते."

"एकदा म्हणून तर बघ."

"अहो," प्रियंका म्हणाली.

आणि पवनने दचकून मागे पाहिलं, बाबा आले की काय म्हणून.

एवढ्यात अंगणात ड्रायव्हरने जीप चालू केली. नवी कॅसेट होईपर्यंत इंजिन गरम करून ठेवावं, एवढाच त्याचा हेतू. पण मागच्या खोलीत लायटर वाजला. शेगडी सूं करू लागली.

सूं चालू होतं. मध्येच खुर्ची करकरली. भीमराव ताठ बसले असावेत.

"बंद कर ना जाऊन," प्रियंका कुजबुजली.

"मी बंद करून काय उपयोग?" पवन म्हणाला.

प्रियंकाने दाराकडे तोंड केलं. "बाबा, गॅस..."

आत काही हललं नाही. सून बोलली होती. हुकूम आला नव्हता. सिलिंडर संपेपर्यंत ते असेच बसतील, हे तिघांनाही एकदम कळलं. पवनने मनोहरजींच्या खिशाकडे पाहिलं. मनोहरजींनी खिशावर हात ठेवला.

"कुएँवाली नहीं चलेगी," ते म्हणाले. "बहूजी, इसमें है क्या? ऐसे बोलना है."

त्यांनी मान खांद्यावरून मागे वळवली, स्वयंपाकघराकडे.

"अहो, गॅस बंद करा!"

तोच हेल. 'बंद'वर तोच झटका, आणि शेवटी तो जरासा वैताग, रोज सांगावं लागतं म्हणून. इतकी वर्षं ऐकून ऐकून मनोहरजींच्या मिशांखाली तो जसाच्या तसा बसला होता. त्यांचं त्यांनाच कळल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आत खटका वाजला. सूं थांबलं.

"केला गं, केला," भीमराव म्हणाले.

टेपरेकॉर्डर चालूच होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"घसा बसलाय तुझा आज," आतून पुन्हा आवाज आला. "थांब, पाणी गरम करतो."

आणि लायटर वाजला.