उंदरांचं औषध

संशोधक एनिकोच्या औषधाने सेगेद शहरातल्या प्रयोगशाळेत रक्तपुरवठा तुटलेली उंदरांची हृदयं वाचवली होती. तिचे वडील देझो हृदयाच्या वॉर्डात होते, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती. "घाबरताय कशाला? माझी पोरगी औषध आणतेय," असं ते आजूबाजूच्या रुग्णांना ठणकावून सांगत.

आज एनिको त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, आमचं औषध ज्या प्रथिनाला अडवतं, ते उंदराच्या हृदयात भरपूर असतं. माणसाच्या हृदयात जवळजवळ नसतंच. तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

"म्हणजे उंदीरच नशीबवान म्हणायचे!" देझो हसले आणि दम लागून थांबले.

"इथे सगळ्यांना मी खरं सांगून टाकते."

देझोंनी तिचा हात धरला. शेजारच्या खाटेवरचा लोरांत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचं हृदयही तसंच थकलेलं होतं. "त्याला नको. तो माझ्या भरवशावर दोन घास खातो."

मग ते मोठ्याने म्हणाले, "लोरांत, ऊठ बाबा! पोरीने माशांचा रस्सा आणलाय. औषधाला थोडाच उशीर आहे म्हणते."

लोरांत धडपडत उठून बसला. "खरंच, ताई?"

एनिकोने वडिलांकडे न बघता मान डोलावली.