पहिल्या दिवसाची सही

"आधी परवाना बघू," म्हणत लायल शुल्त्झने व्हर्ना ब्राकनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली.

पिशवीत तिच्या नवऱ्याचं, आर्विडचं पाकीट होतं. शनिवारी, बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडला त्याच दिवशी, आर्विडची होडी तळ्यात उलटलेली सापडली. पाकीट होडीला बांधलेल्या डब्यात कोरडंठाक राहिलं होतं. आर्विडचा चार दिवस झाले तरी पत्ता नव्हता.

व्हर्नाने डाव्या हाताने कॉफी ओतली. उजवं मनगट बँडेजमध्ये होतं.

"परत पायरीवरून घसरलात?" लायलने विचारलं.

"पायऱ्याच तसल्या आहेत. लेमन बार घे. शेजारणींनी या लिंबाच्या वड्या इतक्या आणून दिल्यात, की घरात जागा नाही, आता मीच बाहेर राहायला हवं."

लायल गेम वॉर्डन होता. शिकाऱ्यांची कागदपत्रं तपासण्यातच त्याची निम्मी नोकरी गेली होती: परवाना, नोंदणी आणि दरवर्षी पोस्टातून विकत घ्यायचं बदकतिकीट, ज्यावर शिकाऱ्याची शाईने सही नसेल तर शिकार बेकायदा. आज त्याला शेवटचा अहवाल लिहायचा होता आणि चार वाजता शेरीफ तो न्यायला येणार होता. कागदपत्रं चोख असली की 'शिकारीत अपघात' एवढी नोंद होऊन शोध थांबणार होता. तळंही खोल होतं. मग व्हर्ना डुलुथला मुलीकडे जायला मोकळी. तिची बॅग दाराशी भरून तयार होती. पण कुठे काही खटकलं, तर शेरीफ घरापासून कोठारापर्यंत सगळं उलथंपालथं करणार होता.

"परवाना ठीक," लायल म्हणाला. "बदकांसाठीची नोंदणीही केलेली आहे. गेल्या वर्षी एकेचाळीस बदकं मारली म्हणून फोनवर सांगितलंय."

"एकेचाळीसच. पिसं मीच काढली ना."

"एक इकडेतिकडे सांगायचा माणूस नव्हताच तो."

"छे! माझ्या भावाने बदकतिकिटावर पेन्सिलीने सही केली, तर याने स्वतः फोन करून त्याला पकडून दिलं. त्या नाताळला भाऊ आला नाही. त्यानंतर कधीच नाही."

दोघं हसले. कप उचलताना लायलच्या उजव्या हाताची करंगळी वाकडीच राहिली. ती सरळ होतच नसे.

"मी तर वर्गाच्या फॉर्मवर सहीच विसरलो होतो," तो म्हणाला. "बारा वर्षांचा होतो. चर्चच्या तळघरात त्याचा शिकारीचा वर्ग. त्याच्या हातात लाकडी पट्टी होती."

"बर्फ मीच बांधला होता तुझ्या बोटाला."

"आठवतंय मला."

त्याने पाकिटातून यंदाचं बदकतिकीट काढलं. निळ्या पाण्यावर बदकांची जोडी. ते त्याने खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ धरूनच ठेवलं.

"हे तुम्ही आणलंत?"

"जुलैतच, पोस्टातून. दरवर्षी मीच आणते."

"यावर सही नाही."

व्हर्नाचा हात साखरेच्या बरणीवर थांबला. "विसरला असेल."

"आर्विड ब्राकन?" लायल शांतपणे म्हणाला. "बाकीचे घेतल्या घेतल्या सही करतात. तो करायचा नाही. हंगामाच्या पहिल्या पहाटे याच टेबलाशी उभा राहून सही करायचा, मगच बंदुकीला हात लावायचा. वर्गात दरवर्षी सांगायचा."

"पहाटे मी झोपेत असायचे, आणि वर्गाच्या वेळी आत मुलांसाठी कोको करत असायचे," ती म्हणाली. "त्याचं बोलणं मी कधी ऐकलंच नाही."

"म्हणजे शनिवारी तो शिकारीला निघालाच नाही."

घड्याळात साडेतीन वाजले होते. व्हर्ना खुर्चीवर बसली. बँडेजचा हात तिने मांडीवर घेतला आणि दाराजवळच्या बॅगेकडे बघत राहिली. आपण आता तिथवर पोचत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

"त्याची जुनी तिकिटं जपून ठेवलेली असतील ना?" लायलने विचारलं.

"कशाला?"

"सही ताडून बघायची आहे."

तिने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत बावीस तिकिटं, ओळीने लावलेली, प्रत्येकावर तीच ठसठशीत सही. लायलने गेल्या वर्षीचं तेवढं उचललं.

"लायल," ती पुटपुटली, "शुक्रवारी रात्री तो..."

"तुम्ही आता काही बोलू नका, मिसेस ब्राकन."

तिने मान खाली घातली. त्याने अहवालाचा कागद समोर ओढला, खिशातून पेन काढलं.

मग कागद बाजूला सारून त्याने जुनं तिकीट डोळ्यांसमोर ठेवलं आणि कोऱ्या तिकिटावर, वाकडी करंगळी सांभाळत, प्रत्येक वळण हुबेहूब उतरवत सावकाश लिहिलं: आर्विड ब्राकन.