अठ्ठ्याण्णव

"ज्यानं आपलं आजारी पोर इथे आणून टाकलं, त्यानं पुढे यावं!" वखारीतल्या काटेवाल्याची बायको मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाची सळई धरून ओरडत होती. "आमच्या लेकरांच्या जिवाशी खेळ चाललाय नुसता!"

काटेवाला तिच्या मागे दोन पावलांवर उभा होता. त्याला तिच्या आवाजाची किळस आली. चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

थंडी मरणाची होती. आत चाळीस मुली तापाने आडव्या झाल्या होत्या आणि बाहेर त्यांचे आईबाप भांडत होते. जो तो शिंकरत होता. नाक हाताला, हात फाटकाला. कुणीतरी खाकरून फुलझाडाच्या कुंडीत थुंकलं. बामाचा आणि ओल्या लोकरीचा वास एकमेकांत मिसळून नाकात बसला होता. काटेवाल्याने मफलर तोंडावर ओढला.

"आमची तर ठणठणीत आली होती हो," एक दुकानदार म्हणाला.

"आमचीही."

"आमची तर घोड्यासारखी."

सगळ्यांच्याच ठणठणीत होत्या. मग ताप काय भिंतीतून उगवला? हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

काटेवाल्याचं अर्धं आयुष्य वखारीच्या वजनकाट्यावर गेलं होतं. पोत्यात दगड घालणारे, कापूस भिजवून आणणारे, गाडीचं एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवणारे, सगळे त्याने पाहिले होते. "काटा खोटं बोलत नाही, काट्यावर चढणारा बोलतो," असं तो गाडीवाल्यांना तोंडावर सुनवायचा. वखारीत त्याला वचकून असत.

आणि बारा दिवसांपूर्वी, सुट्टी संपली त्या दिवशी, तो याच फाटकालगतच्या भिंतीच्या आड उभा होता. लेक तापाने फणफणली होती. परत न्यायची तर दोघांपैकी एकाला घरी बसावं लागलं असतं, आणि बायकोची कारखान्यातली रजा संपली होती. तिने लेकीला दोन चमचे औषध पाजलं. ओल्या रुमालाने कपाळ पुसलं. "आता अर्धा तास थांबायचं," ती म्हणाली, "मग उतरतो." तिघं थांबली. कुणी पाहू नये म्हणून काटेवाल्याने लेकीची ट्रंक खांद्यावर घेऊन आडोसा केला. मग फाटकावर वसतिगृहाच्या बाईंनी ताप मोजायचं यंत्र लेकीच्या कपाळासमोर धरलं. अठ्ठ्याण्णव. "जा गं, पळ आत," बायको म्हणाली. उरलेली बाटली तिने लेकीच्या पायमोज्यात खुपसून दिली होती.

ती आता म्हणत होती, "लाज नाही वाटत लोकांना!"

वसतिगृहाच्या बाई वही घेऊन फाटकाशी आल्या. त्यांचे डोळे लाल होते, घसा बसला होता. त्यांच्या मागोमाग एक शिंपी बाहेर आला. त्याच्या हातात मुलीच्या कपड्यांचं गाठोडं होतं. त्याच्या मुलीला पहाटे दवाखान्यात हलवलं होतं. आई तिच्या उशाशी होती, आणि हा कपडे न्यायला आला होता. त्याच्या गळ्यातली माप घ्यायची फीतही तशीच राहिली होती.

तो ओरडला नाही. म्हणाला, "दोन्ही फुप्फुसं भरलीत म्हणे. चार दिवस आधी आणायला हवी होती, एवढंच बोलले डॉक्टर. बाई, चार दिवस ताप दिसला कसा नाही?"

"रोज सकाळी मोजलाय हो, माझ्या हातानं," बाई म्हणाल्या. "ही बघा वही. सोमवारी अठ्ठ्याण्णव. मंगळवारी अठ्ठ्याण्णव. चारी दिवस तेच."

"अंथरुणात पडून आकडे भरले असतील!" काटेवाल्याची बायको म्हणाली. सगळा घोळका "बरोबर, बरोबर" करत पुढे सरकला. बाईंनी वही छातीशी धरली.

काटेवाल्याला आतून हलकं वाटलं. दोष कुठेतरी पडायलाच हवा होता. बाईंवर पडला तर बरंच. हे मनात आलं, आणि तोंडात कडू पाणी आलं. ते थुंकायला जागा शोधताना त्याला ती कुंडीच दिसली.

मग बऱ्या असलेल्या मुलींना सोडायला सुरुवात झाली. त्यांची लेक सगळ्यांत पुढे होती. गाल लाल, पाय धावायला उतावीळ. बायकोने तिला पोटाशी धरलं, कपाळाला हात लावला. "बघा, माझी सोन्यासारखी आहे!"

लेकीने वाकून पायमोज्यातून बाटली काढली. रिकामी होती.

"आई, संपली गं. दुसरी आणलीस?"

"गप बस," बायको पुटपुटली. "घाल ती आत."

"मी नाही संपवली. मी तर दुसऱ्याच दिवशी बरी झाले." तिने मान वळवून शिंप्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. "काका, तुमच्या छकुलीला दिली. ताप दिसला की आजाऱ्यांच्या खोलीत वेगळं निजवतात ना, तिला भीती वाटते तिथे. रोज सकाळी मीच पाजायचे तिला. बाईंना एकदासुद्धा कळलं नाही!"

फाटकाशी कुणी शिंकलंसुद्धा नाही. शिंप्याच्या हातातलं गाठोडं हळूहळू खाली आलं.

काटेवाल्याला उत्तर ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं. "तपासणीच्या किती आधी, बाळा?"

"अर्धा तास, बाबा. आपण थांबलो होतो ना, तेवढाच."