झांजेची साथ

श्रीरामकाका आठवड्याच्या चीन-तिबेट टूरला गेले आणि गुडघ्यांमुळे पद्मिनीकाकू अमेरिकेत, बॉथेलच्या घरीच राहिल्या. पण रोजचं भजन काही चुकलं नाही. काका तिकडे सकाळी व्हिडिओ कॉलवर अभंग म्हणत, काकू इकडे संध्याकाळी देवापुढे बसून ऐकत. पहिल्या दिवशी, काका बीजिंगला असताना, काकूंनी झांज वाजवून पाहिली, तर फोनवर ताल मागेपुढे व्हायला लागला.

"राहू दे बाई, माझा अभंग लंगडतोय," काका हसले. तेव्हापासून झांज देव्हाऱ्याच्या फळीवरच होती.

आज काका तिबेटातल्या उंच डोंगरगावात होते. ओठ निळसर दिसत होते, ओळीओळीला दम लागत होता.

"अहो, आता पुरे. गाइडला सांगा, खाली न्या म्हणावं. विरळ हवेत माणसाला भासही होतात म्हणे."

"एवढ्या उंचावर दम लागायचाच गं. म्हणून काय अभंग अर्धा सोडायचा?"

काका डोळे मिटून पुन्हा गाऊ लागले. कीर्तन रंगात आलं की डोलायची, तशी मान डोलत होती. काकूंनी दोन्ही हात जोडून पांडुरंगाला साकडं घातलं.

"वा, पद्मिनी," काका डोळे न उघडताच म्हणाले, "आज तुझी झांज अगदी तालात वाजतेय."