काळी पाच

मुखडा
"माझी गायची पट्टी काळी पाच हाय, अमरेश. अकरा वर्षं झाली, सांगून राहिले."
"हे जॅझचं वाद्य हाय बाई, तुझी पेटी न्हाई. माझा सॅक्सोफोन त्या पट्टीत वाजत न्हाई. तू खालच्या पट्टीत ये."

अंतरा
शिवकन्या खाली येत राहिली. प्रेमाची सगळी गाणी तिनं गळा दाबून गायली. मागच्या महिन्यात नांदेडच्या कार्यक्रमानंतर एका बाईनं विचारलंच, "ताई, तुमचा आवाज बसला का हो?"
उत्तर अमरेशनंच दिलं. "वय झालं की आता त्यांचं."

मुखडा, पुन्हा
आज लातूरला भरलेल्या हॉलमध्ये तिनं त्याला न सांगता काळी पाच लावली. तो अडखळला तर तो खरं बोलत होता, मग सगळं माफ करायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिली ओळ संपवून ती सॅक्सोफोनची वाट बघत थांबली.

गाणं संपेपर्यंत अमरेशचा एकही सूर चुकला नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शिवकन्या त्याच्याकडं वळली. तोंडापुढचा माइक तिनं हटवला नाही.

"अकरा वर्षं, खोटारड्या?"